दुर्बिणीतून मणक्याचं ऑपरेशन: आधी काय विचारायचं, नंतर कसं उठायचं

भोक एक सेंटिमीटरचंही नाही. त्यामुळे बघायला येणारा जो तो म्हणायचा, "एवढंच होय? मग लागा की कामाला!" मी बावीस वर्षं शिलाई मशीनवर वाकून बसलेली बाई, मलाही तसंच वाटलं, आणि तिथेच चुकले.

आधी एक गोष्ट पक्की करा: दुखतंय कंबर की पाय? हे ऑपरेशन दोन मणक्यांमधली गादी (डिस्क) सरकून दबलेली नस मोकळी करतं, म्हणजे आराम मुख्यतः पायाला पडतो. नुसत्या कंबरदुखीसाठी कोणी सुचवलं, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. एमआरआयमध्ये 'बल्ज' (गादी जराशी फुगलेली) लिहिलंय म्हणून घाबरू नका, काहीच न दुखणाऱ्यांच्याही फोटोत तो असतो. माझ्या डॉक्टरांनी फोटो नंतर पाहिला. आधी पायाच्या अंगठ्यावर बोट दाबून म्हणाले, "अंगठा वर उचला." डावा उचलेचना. एल४-एल५ची, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी, एल५ची नस; फोटो आणि अंगठा एकच सांगत होते.

बहुतेकांचा पाय सहा ते बारा आठवड्यांत गोळ्या-व्यायामावर निवळतो, तेवढी वाट बघा. पण लघवी-संडासचा ताबा गेला, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळं पडलं, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

डॉक्टरांना विचारा: कुठली नस, कुठली बाजू? दुर्बिणीने की नळीतून मायक्रोस्कोपने? भूल पूर्ण की जागेपुरती? आतून जमलं नाही तर उघडून करणार का? तीच गादी पुन्हा सरकू शकते का? (शंभरात पाच-दहा जणांची सरकते.) रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर न विचारता सांगा. मेडिक्लेमची मंजुरी आधीच घ्या. मला जागेपुरती भूल दिली होती, उपडी पडून डॉक्टरांना सांगत होते, "आता पोटरीत... आता नाही."

घरी खरी कसरत उठायची. सरळ उठून बसायचंच नाही. गुडघे दुमडा, खांदा आणि कंबर एकदमच कुशीवर वळवा, फळी उलटवावी तशी. मग पाय पलंगावरून खाली सोडता सोडता हाताने पलंग रेटा. हे ऑपरेशनच्या आधी चार दिवस करून बघा; नंतर शिकायला गेलात तर ओरडाल. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणून ठेवा. बादली, मिक्सर, डबे कमरेच्या उंचीवर.

चालणं पहिल्या दिवसापासून, थोडं थोडं. बसणं एका वेळी वीस मिनिटं. वाकणं, उचलणं, पिळणं सहा आठवडे बंद (पिळणं म्हणजे कपडेही आणि कंबरही). स्कूटर डॉक्टर सांगतील तेव्हाच, गतिरोधकाचा दणका थेट मणक्यात जातो. ताप आला किंवा जखम पाझरली तर फोन करा.

नवव्या दिवशी माझी बॉबिन खाली पडली आणि मी सवयीने वाकले. पोटरीत पुन्हा तीच वीज. नशीब, आठवडाभर गप्प पडून राहिल्यावर गेली. तेव्हापासून मशीनला लोहचुंबक बांधलेली पट्टी लटकवलीय.

सहा आठवड्यांनी बसले ती मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावून. पहिल्या दिवशी एक परकर झाला, तोही बिननाडीचा.