टीजीएफ-बीटा १ ची व्हायल उघडताय? या चुका टाळा

टीजीएफ-बीटा १ हे सेल्सना सिग्नल देणारं प्रोटीन, कंपनीकडून छोट्या बाटलीत, म्हणजे व्हायलमध्ये, कोरड्या पावडरच्या रूपात येतं. लॅबमध्ये नवीन आलेलं पोरगं दोन-तीन महिन्यांत एकदा तरी तोंड पाडून येतंच, दादा टीजीएफ-बीटा खराब आलाय, कंपनीला मेल टाकू का. मी म्हणतो थांब, आधी सांग व्हायल कशात विरघळवलीस. "पीबीएसमध्ये" (म्हणजे न्यूट्रल पीएचच्या खारट बफरमध्ये) असं उत्तर आलं की पुढचं काही विचारायची गरजच पडत नाही.

हसू नका, मीपण हेच केलंय, तेही १० मायक्रोग्रॅमच्या नव्याकोऱ्या व्हायलवर. रिकॉम्बिनंट (सेल्समध्ये जीन घालून बनवलेला) ह्यूमन टीजीएफ-बीटा १ म्हणजे ११२-११२ अमिनो ॲसिडच्या दोन साखळ्या डायसल्फाइड बाँडने एकमेकींना बांधलेल्या, मिळून साधारण २५ किलोडाल्टन, आणि स्वभाव भयंकर चिकट. न्यूट्रल पीएचला हा नीट विरघळत नाही, ट्यूबच्या भिंतीला जाऊन बसतो, आणि आपल्याला पाणी स्वच्छ दिसतं म्हणून वाटतं झालं काम. त्याला ॲसिड लागतं. बहुतेक डेटाशीटवर ४ मिलिमोलर एचसीएल (हायड्रोक्लोरिक ॲसिड) आणि त्यात १ मिलिग्रॅम प्रति एमएल बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) असं लिहिलेलं असतं, पण डेटाशीट वाचतो कोण? १ मोलर एचसीएल असेल तर त्यातलं ४० मायक्रोलिटर घेऊन पाण्याने १० एमएल करा, झालं. बीएसए कशाला, तर प्लॅस्टिकवरच्या चिकटायच्या जागा तो आधीच अडवून बसतो आणि आपलं महागडं प्रोटीन वाचतं.

आता इथेच अजून एक गंमत होते. काहीजण स्टेराइल पाहिजे म्हणून विरघळवलेला टीजीएफ-बीटाच सिरिंज फिल्टरमधून काढतात, म्हणजे जे वाचलं होतं तेही थोडंफार फिल्टरला दान. आधी एचसीएल-बीएसए फिल्टर करून घ्या, मग ते व्हायलमध्ये टाका. आणि उघडायच्या आधी व्हायल एकदा स्पिन करा, पावडर इतकी कमी असते की डोळ्यांना दिसतही नाही आणि बऱ्याचदा झाकणाला चिकटलेली असते. व्होर्टेक्स नको, हलक्या हाताने फिरवा आणि पाच-दहा मिनिटं ठेवून द्या.

१० मायक्रोग्रॅममध्ये ५०० मायक्रोलिटर टाकलं की २० मायक्रोग्रॅम प्रति एमएलचा स्टॉक होतो. त्याचे छोटे छोटे ॲलिकॉट (एकेका वेळेपुरते वाटे) करा, लो-बाइंड ट्यूबमध्ये, उणे ८० ला. एकच ट्यूब दर आठवड्याला काढायची, वितळवायची, परत ठेवायची हा प्रकार बंद. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजर तर त्याहून वाईट, तो बर्फ साचू नये म्हणून आतल्या आत गरम-थंड होत राहतो. आणि नॅनोग्रॅममध्ये पातळ करून ठेवलेला स्टॉक पुढच्या आठवड्यात वापरायचा विचारही करू नका, पातळ केलेलं त्याच दिवशी संपवा.

गणित. १० एमएल मिडियममध्ये ५ नॅनोग्रॅम प्रति एमएल पाहिजे म्हणजे एकूण ५० नॅनोग्रॅम, म्हणजे वरच्या स्टॉकचे २.५ मायक्रोलिटर. आमच्याकडे एकाने २५ टाकले होते. मग त्याचे डोस कर्व्हचे सगळे पॉइंट दहापट वर गेले, सगळीकडे रिस्पॉन्स सपाट, आणि हा म्हणे डोसचा काही फरकच पडत नाही.

मला विचाराल तर सगळ्यात जास्त डोकं खाणारी चूक सीरमची आहे. १९८३ मध्ये टीजीएफ-बीटा पहिल्यांदा माणसाच्या प्लेटलेट्समधून शुद्ध केला होता, कारण त्यांच्यात तो भरपूर असतो, आणि रक्त गोठताना प्लेटलेट्स तो बाहेर सोडतात. म्हणजे आपण सेल्सच्या मिडियममध्ये बाटलीतून जे एफबीएस (गाईच्या गर्भाच्या रक्ताचं सीरम) ओततो त्यात तो असणारच, आणि गाईचा मॅच्युअर टीजीएफ-बीटा १ माणसासारखाच आहे, अगदी एकही अमिनो ॲसिड वेगळं नाही. बहुतेक लेटंट (झाकलेल्या, निष्क्रिय) रूपात असतो हे खरं, पण एलायझा (अँटिबॉडीने प्रोटीन मोजायची टेस्ट) करताना आपण ॲसिड टाकून लेटंट मोकळा करतोच ना, मग सेल्सनी काय सोडलं आणि बाटलीतून काय आलं हे कसं कळणार? म्हणून ट्रीटमेंटआधी सीरम कमी करा किंवा सीरम-फ्री मध्ये ठेवा, आणि एलायझात सेल्स नसलेला नुसता मिडियम एका वेलमध्ये लावाच लावा.

वेळेचं पण बघा. फॉस्फो-स्मॅड२ (टीजीएफ-बीटाचा सिग्नल आत पोचला की फॉस्फेट लागणारं प्रोटीन) बघायचा असेल तर ३० ते ६० मिनिटांत सेल्स बर्फावर घ्या, लायसिस बफरमध्ये फॉस्फेटेज इन्हिबिटर टाका. ईएमटी (एकमेकींना चिकटलेल्या एपिथेलियल सेल्स सुट्या, फिरत्या होणं) बघायचं असेल तर ४८-७२ तास द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ई-कॅडहेरिन (सेल्सना एकमेकांशी जोडणारं, ईएमटीत कमी होणारं प्रोटीन) अजून दिसतंय म्हणून रडत बसू नका. फॉस्फो-स्मॅड२ ची अँटिबॉडी सेरिन ४६५/४६७ (प्रोटीनच्या शेवटाला रिसेप्टर फॉस्फेट लावतो त्या जागा) चीच आहे ना तेपण बघा, मधल्या लिंकर भागाची घेतली असेल तर ती वेगळीच गोष्ट सांगते.

आणि सेल लाइन! एचसीटी-११६ मध्ये टीजीएफ-बीटा ज्याला चिकटतो तो टाइप २ रिसेप्टरच बिघडलेला आहे, तिथे कितीही ओता, दारच बंद. बीएक्सपीसी-३ मध्ये स्मॅड४ (स्मॅड२ सोबत जीन्सपर्यंत जाणारा जोडीदार) नाही, म्हणजे स्मॅड२ फॉस्फोरिलेट होईल पण पुढची बरीच जीन्स हलणार नाहीत. असे सेल्स वापरून प्रोटीनला शिव्या घालण्यात काय अर्थ.

कंट्रोलमध्ये नुसता मिडियम चालत नाही, तेवढंच एचसीएल-बीएसए टाकलेली वेल पाहिजे. एसबी-४३१५४२ (टीजीएफ-बीटाचा रिसेप्टर अडवणारं औषध) वापरत असाल तर साधारण १० मायक्रोमोलर, टीजीएफ-बीटाच्या अर्धा तास आधी, आणि तो डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेला असतो म्हणून तेवढंच डीएमएसओ सगळ्या वेल्समध्ये.

एवढं करूनही काही दिसलं नाही तर हाकॅट (माणसाच्या त्वचेच्या) सेल्स घ्या, ताजा ॲलिकॉट वितळवा, ५ नॅनोग्रॅम प्रति एमएल, ४५ मिनिटं, आणि एक वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीन आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची टेस्ट) चालवा. ६० किलोडाल्टनच्या आसपास फॉस्फो-स्मॅड२ चा बँड नाही आला, पण टोटल स्मॅड२ छान आलाय, आणि जुन्या लॉटने त्याच ब्लॉटवर बँड दिलाय, तर मग खुशाल कंपनीला मेल टाका, सोबत तो ब्लॉट जोडा.