अंध सुतारासाठी लेख कसा वाचावा: आमच्या ताईंची पद्धत

सुतारकामाच्या लेखात निम्मे काम "आकृतीत दाखवल्याप्रमाणे" एवढ्या दोन शब्दांत उरकलेले असते. मला दिसत नाही, त्यामुळे माझे काम नेमके त्या दोन शब्दांपाशी अडते. तरीही माझ्या हातात रंधा आणि पटाशी रोज असतात, आणि माझ्या टेबलावर जे काही नवे तयार होते त्यामागे एका ताईंचा आवाज आहे. त्या स्वतः सुतारकाम करत नाहीत. सुतारकामाची मासिके, फर्निचरचे नकाशे, यंत्रांबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिका त्या वाचतात, ध्वनिमुद्रित करतात आणि आम्हा काही अंध कारागिरांना एक पैसाही न घेता देतात.

त्यांची पद्धत मी इथे लिहून काढतो आहे. त्यांचे आभार मानायचे तर त्यांच्यासारखे आणखी वाचक तयार व्हावेत, याहून चांगले मला काही सुचत नाही.

आधी एकदा मनात वाचा

ताई रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी पूर्ण लेख वाचतात आणि प्रत्येक आकृतीपाशी एकच गोष्ट तपासतात: यात असे काय आहे जे मजकुरात कुठेच आलेले नाही? बहुतेक वेळा मापे तिथेच असतात. कधी सांध्याची आतली रचना असते, कधी लाकडाच्या रेषा कोणत्या दिशेने जातात ते असते. रेषांची दिशा चुकली तर रंधा लाकूड उखडतो आणि गुळगुळीत व्हायचा पृष्ठभाग खडबडीत होतो. मजकुरात याचा उल्लेख नसतो, कारण चित्रात ते उघड दिसते.

मग पहिल्या मिनिटभरात त्या लेखाची ओळख देतात: मासिकाचे नाव, महिना, पान, वस्तू कोणती, तिची लांबी-रुंदी-उंची, सुटे भाग किती, सांधे कोणते, अवजारे कोणती लागतील. एवढ्यावर मी ठरवू शकतो की हा लेख आत्ता ऐकायचा की ठेवून द्यायचा. डोळस माणूस पाने चाळून हेच ठरवतो. ताईंमुळे मलाही चाळता येते.

मापे वाचताना

इथे मी जरा थांबून सांगणार आहे, कारण माप चुकीचे ऐकू आले की लाकूड वाया जाते.

कापायच्या तुकड्यांची यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. भागाचे नाव, नग, जाडी, रुंदी, लांबी हा क्रम सुरुवातीला सांगा आणि शेवटपर्यंत बदलू नका. एक भाग वाचून झाला की थांबा. मी त्या वेळात पट्टी शोधतो, माप लावतो, धारदार सुरीने खूण ओढतो. पेन्सिलची रेघ माझ्या कामाची नाही. सुरीची रेघ नखाला लागते, पटाशीची धार तिच्यात बसते.

एकक प्रत्येक वेळी म्हणा. "अठरा" नाही, "अठरा मिलिमीटर". अपूर्णांकात "पूर्णांक" हा शब्द गाळू नका. "तीन, पाच अष्टमांश" असे म्हटले तर ती दोन वेगळी मापे आहेत की एकच, हे कानाला कळत नाही. "तीन पूर्णांक पाच अष्टमांश इंच" म्हटले की शंका उरत नाही. सव्वा, दीड, पाऊण, अडीच, साडेतीन हे शब्द मात्र बिनधास्त वापरा, ते एका फटक्यात कळतात.

मराठी आकड्यांत आणखी एक अडचण आहे. सदुसष्ट आणि अडुसष्ट, एकोणसाठ आणि एकोणसत्तर, पंचावन्न आणि पंच्याण्णव: शांत खोलीत हे वेगळे ऐकू येतात, पण शेजारी कोणी लाकूड घासत असेल तर नाही. ताई आकडा म्हणतात आणि लगेच अंक सोडवतात: "सदुसष्ट, सहा-सात, मिलिमीटर". ऐकायला थोडे लांबट वाटते. माझ्या दृष्टीने त्यांनी केलेल्या सगळ्या गोष्टींत ही सर्वात मोलाची आहे.

माझे माप कसे चालते हे माहीत असेल तर वाचताना मदत होईल. इंचांसाठी मी रोटरी क्लिक रूल वापरतो. हा आटे पाडलेला धातूचा दांडा असतो आणि त्यावर सरकणारा नट असतो. दर अर्ध्या इंचाला तो टक् करतो, आणि नटाचा एक पूर्ण वेढा म्हणजे १/१६ इंच. अर्धा वेढा फिरवला की १/३२. म्हणून "साधारण पाऊण इंच" असे कोणी वाचले की मी बुचकळ्यात पडतो: ते "साधारण" लेखकाचे की वाचणाऱ्याचे? छापले आहे तसेच वाचा. मिलिमीटरसाठी बोलणारा कॅलिपर (जाडी मोजून आकडा बोलून सांगणारे अवजार) आणि ठरावीक जाडीचे ठोकळे असतात. करवत आणि आडोशाची पट्टी यांच्यात ठोकळा ठेवला की माप लागले. करवत स्वतः किती लाकूड खाते, तेही लेखात दिले असेल तर सोडू नका.

आकृतीचे वर्णन

आधी बघणारा कुठे उभा आहे ते सांगा. "तुम्ही स्टुलासमोर उभे आहात, डावे-उजवे तुमचे." मग संपूर्ण वस्तू, मग एकेक भाग, शेवटी सांधा. सांध्यापासून सुरुवात केली तर तो कुठे बसवायचा हे मला कळत नाही. सुटे भाग हवेत विखुरलेले दाखवणारी आकृती असेल तर ज्या क्रमाने ते जोडायचे त्या क्रमाने वर्णन करा, पानावरच्या जागेप्रमाणे नको.

मॉर्टिस-टेनन, म्हणजे खाच आणि तिच्यात बसणारे कुसू, यांचे चांगले वर्णन कसे असते त्याचा एक नमुना मी ताईंच्या पद्धतीने रचून देतो:

"पाय चौरस, ४० बाय ४० मिलिमीटर. दोन पायांमधली आडपट्टी १८ मिलिमीटर जाड, ७० मिलिमीटर रुंद. पट्टीची वरची कड पायाच्या माथ्याशी एका पातळीत. पट्टीच्या दोन्ही टोकांना टेनन: जाडी ६ मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक बाजूने ६ मिलिमीटर काढायचे. वरून १० मिलिमीटर आणि खालून १० मिलिमीटर काढून टेननची उंची ५० मिलिमीटर राहते. टेननची लांबी २२ मिलिमीटर. पायातली खाच माथ्यापासून १० मिलिमीटर खाली सुरू होते, पायाच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर आहे, खोली २४ मिलिमीटर. वाचकाची टीप: पायाच्या लगतच्या दोन बाजूंच्या खाचा आत एकमेकींना मिळतात. म्हणून आकृतीत टेननची टोके ४५ अंशांत तिरपी कापलेली आहेत आणि बाहेरची बाजू लांब ठेवली आहे. मजकुरात हे नाही. टीप संपली."

ही शेवटची टीप नसेल तर दोन्ही पट्ट्या आत एकमेकींवर आदळतील आणि सांधा पूर्ण बसणारच नाही. खाचेची खोली टेननपेक्षा २ मिलिमीटर जास्त का, हे मी समजून घेतो: सरसाला जागा लागते. ते समजावण्याची गरज नाही, फक्त दोन्ही आकडे द्या.

"वाचकाची टीप" आणि "टीप संपली" हे दोन शब्दप्रयोग पाळा. त्यांच्यामुळे छापलेले काय आणि तुमचे काय, हे वेगळे राहते. ताई मापांची बेरीजही करून बघतात. वरच्या उदाहरणात पायांमधले अंतर ३०० असेल तर दोन्ही टोकांची टेनन धरून पट्टी ३४४ हवी. यादीत ३४० छापले असेल तर त्या ३४० च वाचतात आणि मग टीप देतात की आकृतीप्रमाणे ३४४ येते. निर्णय माझ्यावर सोडतात.

छायाचित्रांत हात शोधा

छायाचित्राचे वर्णन करताना बहुतेक जण वस्तूबद्दल बोलतात. मला हात हवे असतात. कोणता हात मुठीवर आहे, दुसऱ्या हाताची बोटे पात्यावर कुठे टेकली आहेत, दोन्ही हात धारेच्या मागे आहेत का, कोपर अंगालगत आहे की लांब, लाकूड यंत्रात कोणत्या बाजूने सरकवले आहे, माणूस पात्याच्या रेषेत उभा आहे की बाजूला. पटाशी धरण्याच्या किती तरी बारीक गोष्टी मला ताईंच्या अशा दोन-तीन वाक्यांतून मिळाल्या.

रंगही सांगा. गडद लाकडात फिकट लाकडाची पट्टी बसवली असेल तर ते मला हवे आहे, कारण मी बनवलेली पेटी बघणारे लोक डोळस आहेत. अवजारांच्या जाहिराती आणि वाचकांची पत्रेसुद्धा वगळू नका. नवी अवजारे मला तिथेच भेटतात.

आमच्या वतीने ठरवू नका

यंत्रांबद्दलचा भाग आला की काही वाचक तो गाळतात. टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत), राउटर (लाकडात खाचा कोरणारे यंत्र), "हे यांना कशाला?" असे त्यांना वाटते. भावना चांगली असते, पण परिणाम वाईट होतो, कारण गाळलेल्या भागातच सुरक्षेची माहिती असते. प्लग काढून मगच पात्याला हात लावायचा, पात्यावरचे झाकण कसे बसवायचे, ढकलायची काठी कुठे टेकवायची, हे मला डोळस माणसापेक्षा जास्त बारकाईने कळायला हवे. जगात कितीतरी अंध लोक अशा यंत्रांवर नीट काम करतात. ताईंनी आजवर एकही परिच्छेद माझ्यासाठी "झेपणार नाही" म्हणून सोडलेला नाही. सूचना आहेत तशा वाचतात, आवाजात भीती घालत नाहीत. त्यांनी माझ्यावर ठेवलेल्या या विश्वासाचे ऋण मी कधी विसरणार नाही.

रेकॉर्डिंगचे थोडे

साधा मोबाइल पुरतो. पंखा बंद, पडदे ओढलेले, फोन तोंडापासून वीतभर आणि किंचित बाजूला, म्हणजे प-फ-भ फुटत नाहीत. मागे संगीत नको. एक पायरी, एक फाइल, नावाच्या सुरुवातीला क्रमांक. भुशाने माखलेल्या हातांनी मागे-पुढे जाणे अवघड असते, म्हणून फाइल छोटी हवी. जास्त काम करायची तयारी असेल तर डेझी हे बोलक्या पुस्तकांचे स्वरूप शिका. त्यात मथळ्यावरून मथळ्यावर उडी मारता येते, आणि अंध वाचकांची बरीचशी उपकरणे ते ओळखतात. चुकलात तर "दुरुस्ती" म्हणून ते पूर्ण वाक्य पुन्हा वाचा, नुसता आकडा नको.

प्रताधिकाराचा प्रश्न अनेकांना पडतो. अंधांसाठी सुलभ प्रती करता याव्यात म्हणून २७ जून २०१३ रोजी मारकेश करार झाला आणि तो ३० सप्टेंबर २०१६ पासून अमलात आला. त्यात सामील झालेल्या देशांत अशा प्रतींसाठी कायद्यात सवलत असते. आपल्या देशाचा नियम बघून घ्या, आणि रेकॉर्डिंग ज्यांच्यासाठी केले त्यांच्यापुरतेच ठेवा.

आणि आम्ही आभार कसे मानावेत

हा भाग माझ्या अंध मित्रांसाठी. "खूप खूप धन्यवाद" एवढेच पाठवू नका. वाचणाऱ्या माणसाला आपला आवाज कुठे पोहोचला हे कधीच दिसत नसते. तासन्‌तास एकट्याने खोलीत बसून वाचल्यावर त्यांना तपशील हवा असतो. कोणता लेख, कोणती वस्तू तयार झाली, कोणत्या वाक्यामुळे काम सुटले, ते लिहा. मी ताईंना लिहिले होते: "तिरप्या टोकांची टीप तुम्ही दिली नसती तर चारही पायांचे सांधे अर्धवट राहिले असते. आता स्टूल हलत नाही, माझी बहीण त्यावर उभी राहून माळ्यावरचे डबे काढते." त्यांनी उत्तरात विचारले की अशा टिपा आणखी कुठे हव्यात. म्हणजे आभाराच्या पत्राने पुढचे रेकॉर्डिंग सुधारले.

जे कळले नाही तेही सांगा, नम्रपणे आणि नेमके: अमुक फाइल, अमुक मिनिट. चांगल्या वाचकाला यात अपमान वाटत नाही. महिन्याला किती वाचणे जमेल हे त्यांनाच ठरवू द्या, आणि दोन लेख मागायचे असतील तर कोणता आधी हवा ते सांगा. त्यांचे नाव कुठे जाहीर करायचे असेल तर आधी विचारा. आमच्या ताईंना ते नको आहे, म्हणून या लेखात ते नाही.

शक्य असेल तर काहीतरी बनवून द्या, आणि ते त्यांच्या वाचण्याशी जोडलेले असू द्या. मी ताईंना एक मॉर्टिस-टेनन सांधा दिला, सरस न लावता, म्हणजे ओढून उघडता येईल आणि पुन्हा बसवता येईल. इतकी वर्षे त्या "टेनन", "खाच", "खांदा" हे शब्द वाचत होत्या, पण वस्तू हातात घेतली नव्हती. त्यांनी तो उघडला, बोट आत घालून खोली बघितली, आणि लगेच दोन प्रश्न विचारले: टेननचा खांदा, म्हणजे टेनन जिथे सुरू होते ती पायरी, नेमका कुठून मोजतात, आणि कडा किंचित का घासली आहे? पुढच्या लेखापासून त्यांच्या वर्णनात "खांद्यापासून" हा शब्द प्रत्येक मापाआधी येऊ लागला. आता मी डव्हटेलचा, म्हणजे टोकाकडे रुंद होणाऱ्या दातांच्या सांध्याचा, नमुना करतो आहे. त्यांच्याकडे वाचायला पुढचा लेख खणांच्या पेटीचा आहे, आणि त्यातल्या आकृत्या अवघड आहेत असे त्यांनी कळवले आहे. त्यांनी रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी हा नमुना त्यांच्या हातात पडायला हवा.