सुरकुत्यांची क्रीम घेताना या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातील एका आठवडी बाजाराच्या गावात माझे औषधाचे दुकान आहे. कापसाची पहिली वेचणी विकून हाती चार पैसे आले आणि लग्नसराई जवळ आली, की गर्दी कमी असण्याची वेळ साधून येणाऱ्या बायका हळू आवाजात विचारतात, "ताई, सुरकुत्यांवर खरेच चालणारी क्रीम आहे का?" विचारणाऱ्या बहुतेकींचे वय चाळिशीच्या आसपास असते, डोळ्यांच्या कडा, कपाळ आणि गळ्याची पुढची बाजू मात्र पन्नाशी ओलांडल्यासारखी दिसते. दुकानात उभ्या उभ्या दिलेले उत्तर नेहमीच अपुरे राहते, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे. बाजारातील फार थोड्या गोष्टी सुरकुत्यांवर खरोखर काम करतात, पुष्कळशा केवळ त्वचा मऊ करतात, आणि काही ट्यूब चेहऱ्याचे असे नुकसान करतात की ते भरून यायला वर्ष उलटते.

मे महिन्यात दुपट्टा, डिसेंबरात उघडा चेहरा

त्वचेच्या आतल्या थरात कोलॅजन आणि इलॅस्टिन नावाचे तंतू असतात आणि त्वचेचा ताठपणा त्यांच्यावर अवलंबून असतो. वयाबरोबर ते कमी होतातच, परंतु उघड्या राहणाऱ्या चेहऱ्यावर, मानेवर आणि हातांवर त्यांची सर्वांत जास्त हानी सूर्याच्या अतिनील किरणांमुळे होते. त्यातील यूव्हीए किरण खोलवर पोहोचतात आणि ढगांतून, तसेच साध्या काचेतूनही आत येतात. अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात २०१२ मध्ये एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले होते. २८ वर्षे गाडी चालवताना खिडकीची काच त्याच्या डाव्या बाजूला होती. त्या बाजूची त्वचा जाड आणि खोल सुरकुत्यांची झाली होती, तर उजवी बाजू पुष्कळ चांगली राहिली होती. वय एकच, माणूस एकच, फरक उन्हाचा.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की सगळ्या जणी डोके-चेहरा बांधून घेतात, आणि दिवाळीनंतर कापूस वेचताना ऊन गोड वाटते म्हणून चेहरा दिवसभर उघडा ठेवतात. ही मला सर्वांत मोठी चूक वाटते. उष्णता आणि अतिनील किरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हवा गार असली तरी आपल्या भागात डिसेंबरच्या दुपारीही किरण बऱ्यापैकी तीव्र असतात. पावसाळ्यातले निंदण, सोयाबीनची सवंगणी, कापसाची वेचणी आणि उन्हाळ्यातला तेंदूपत्ता असे पूर्ण वर्षाचे ऊन जिच्या चेहऱ्यावर पडते, तिच्यासाठी रात्री लावायच्या कोणत्याही क्रीमचा उपयोग दिवसाच्या संरक्षणाशिवाय फारसा होत नाही.

संरक्षणाचा उपयोग होतो हे मोजून दाखवले गेले आहे. ऑस्ट्रेलियातील नॅम्बोर या गावी ५५ वर्षांखालील ९०३ जणांवर झालेल्या चाचणीत एका गटाला रोज सनस्क्रीन लावायला सांगितले होते आणि दुसऱ्याला वाटेल तेव्हा. साडेचार वर्षांनंतर रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचे म्हातारपण दुसऱ्या गटापेक्षा २४ टक्क्यांनी कमी दिसले, असा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच चाचणीत दिलेल्या बीटा कॅरोटीनच्या गोळ्यांचा मात्र असा फायदा दिसला नाही, हे 'आतून सौंदर्य' देणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. ती माणसे बहुतांश गोऱ्या कातडीची होती. आपल्या सावळ्या त्वचेला थोडे नैसर्गिक संरक्षण असते, आणि उन्हाचा परिणाम सुरकुत्यांच्या आधी वांग आणि काळ्या डागांच्या रूपाने दिसतो.

सनस्क्रीन घेणाऱ्यांचीही एक ठरलेली चूक असते, ती म्हणजे बोटाच्या टोकावर घेतलेला थेंब सगळ्या चेहऱ्यावर पसरवणे. वेष्टनावरचा एसपीएफचा, म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळते ते सांगणारा आकडा दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम एवढा जाड थर देऊन मोजलेला असतो. चेहरा आणि मान मिळून पहिल्या दोन बोटांच्या लांबीएवढी क्रीम लागते, म्हणजे साधारण १ ग्रॅम. दिवसातून दोनदा लावली तर ५० ग्रॅमची ट्यूब २५ दिवसांत संपली पाहिजे. ती सहा महिने पुरली असेल तर संरक्षण नावापुरतेच मिळाले. घाम आणि चेहरा पुसणे यांमुळे ती दर दोन तासांनी पुन्हा लावावी लागते, आणि रोजमजुरी करणाऱ्या बाईला एवढा खर्च परवडणार नाही हे मला ठाऊक आहे.

म्हणून माझा सल्ला कापडाचा आहे. चेहऱ्याला बांधायचा दुपट्टा उजेडासमोर धरून पाहावा. त्यातून पलीकडचे स्पष्ट दिसत असेल तर ऊनही आत येते. घट्ट विणीचा, गडद रंगाचा सुती दुपट्टा, त्यावर रुंद काठाची टोपी आणि पूर्ण बाह्यांचा जुना सदरा एवढे असेल, तर सनस्क्रीन फक्त नाक, गालांचे उंचवटे आणि डोळ्यांभोवती लावून भागते. विकत घेताना एसपीएफ ३० किंवा अधिक आणि सोबत 'पीए+++' असे लिहिलेले पाहावे, कारण एसपीएफ मुख्यतः त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी या दुसऱ्या प्रकारच्या अतिनील किरणांविषयी सांगतो आणि पीए यूव्हीएविषयी. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी अडवतो आणि ५० सुमारे ९८ टक्के, तेव्हा मोठ्या आकड्यासाठी दुप्पट पैसे मोजण्याची गरज नाही.

पंधरा दिवसांत उजळवणारी ट्यूब

या चुकीविषयी लिहिताना मन शांत राहत नाही, कारण ती माझ्या घरात घडली. माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या गालांवर वांग होते. लग्नघरात कुणीतरी त्यांना एक ट्यूब सुचवली आणि त्यांनी ती दुसऱ्या गावच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणली. पंधरा दिवसांत चेहरा उजळ आणि तुकतुकीत दिसू लागला, बारीक रेषाही भरल्यासारख्या वाटल्या, आणि त्या आनंदाने रोज लावत राहिल्या. पाच-सहा महिन्यांनी गालांवर लाल बारीक शिरा दिसू लागल्या, हनुवटीवर लव वाढली, पुटकुळ्या आल्या आणि चुलीसमोर बसले तरी चेहरा पेटल्यासारखा होई. घाबरून ट्यूब बंद केली की तिसऱ्या दिवशी चेहरा लालबुंद होऊन सुजे. पुन्हा लावली की बरे वाटे. मला त्यांनी ती ट्यूब दाखवली तेव्हा हे चक्र बरेच महिने चालले होते.

त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड, म्हणजे त्वचेची लाली आणि सूज दाबणारे औषध होते. अशा मलमांमध्ये बहुधा डाग फिकट करणारे हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोनसारखे स्टिरॉइड एकत्र असते. त्वचारोगतज्ज्ञ वांगासाठी ते ठरावीक आठवड्यांपुरते, तपासणी ठेवून देतात. तेच औषध महिनोन्‌महिने रोजची क्रीम म्हणून लावले की त्वचा कागदासारखी पातळ होते. म्हणजे सुरकुत्या घालवण्यासाठी आणलेली वस्तू आतले कोलॅजनच कमी करते. भारतातील त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला 'स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा' अशा अर्थाचे वेगळे नावच दिले आहे, इतके हे रुग्ण त्यांच्याकडे येतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइड मलमे 'अनुसूची एच'मध्ये आणून चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. माझ्याच व्यवसायातील काही जण आजही ती सहज देतात, याचे मला दुःख आहे आणि त्याचा रागही आहे.

ओळखायचे कसे? घटकांच्या यादीत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन किंवा डेक्सामेथासोन यांपैकी एकही नाव असेल, अथवा वेष्टनावर 'आरएक्स' हे चिन्ह असेल, तर ती सौंदर्यप्रसाधनाची क्रीम नव्हे, औषध आहे. खाजेच्या आणि गजकर्णाच्या पुष्कळ मलमांतही हेच घटक असतात, त्यामुळे घरात पडलेली अशी ट्यूब चेहऱ्याला लावू नये. ज्यांना आधीच सवय लागली आहे त्यांनी, बंद केल्यावर चेहरा भडकला म्हणून तीच ट्यूब पुन्हा सुरू करू नये. डॉक्टर सौम्य औषधांच्या आधाराने ती सोडवतात. जाऊबाईंना त्याला वर्षाहून अधिक काळ लागला.

याहून वाईट म्हणजे घटकांची यादी, बनवणाऱ्याचा पत्ता आणि परवाना क्रमांक यांपैकी काहीच नसलेल्या डब्या. गोरे करण्याच्या अशा क्रीममध्ये पारा सापडल्याची आणि त्यामुळे मूत्रपिंडांना इजा झाल्याची प्रकरणे केरळमधील मलप्पुरम भागातील डॉक्टरांनी २०२३ मध्ये मांडली होती, आणि आपल्या अकोल्यातील एका कुटुंबातील स्त्रियांविषयीचे तसेच वृत्त वर्तमानपत्रांत आले होते. असली क्रीम वापरत असताना पायांवर सूज आली किंवा लघवीला फेस येऊ लागला, तर क्रीम थांबवून ताबडतोब लघवीची तपासणी करून घ्यावी.

चालणारे औषध, पण चुकीच्या हातांनी

सुरकुत्यांवर सर्वांत भक्कम पुरावा ज्या औषधाच्या बाजूने आहे, ते म्हणजे वर उल्लेख आलेले ट्रेटिनॉइन, एकट्याने आणि स्टिरॉइडशिवाय वापरलेले. ते मुळात मुरुमांवरचे औषध. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये उन्हाने खराब झालेल्या त्वचेवर त्याचा उपयोग दाखवला आणि १९९५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने बारीक सुरकुत्यांसाठी त्याच्या क्रीमला मान्यता दिली. ते नवे कोलॅजन तयार व्हायला चालना देते. दुकानात मिळणारे रेटिनॉल त्याच कुळातले, पण त्वचेत गेल्यावर त्याचे रूपांतर व्हावे लागते, म्हणून परिणाम सौम्य आणि सावकाश. डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळणारी ट्रेटिनॉइनची साधी ट्यूब जाहिरातीतल्या महागड्या डब्यांपेक्षा बहुधा स्वस्त पडते, ही गोष्ट मी गिऱ्हाइकांना आवर्जून सांगते.

पहिल्याच आठवड्यात ती रोज, भरपूर आणि सकाळी लावली जाते, तिथे गडबड होते. चेहरा सोलतो, आग होते, आणि आपल्या त्वचेत आग झाली की मागे काळा डाग राहतो. वाटाण्याच्या दाण्याएवढी क्रीम सगळ्या चेहऱ्याला पुरते. सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीन रात्री, चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर, डोळ्यांच्या कडा, नाकपुड्या आणि ओठांचे कोपरे टाळून लावावी आणि वर साधे मॉइश्चरायझर लावावे. आग होत असेल तर क्रीम आठ दिवस थांबवून अधिक अंतराने सुरू करावी. "महिना झाला, फरक नाही" ही तक्रारही नेहमीची. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात, आणि तो बारीक रेषा व खडबडीतपणा यांत दिसतो, कपाळावरच्या खोल आठ्यांत नाही. दिवस गेलेल्या किंवा मूल हवे असलेल्या बाईने हे औषध लावू नये. त्या काळात दुपट्टा आणि साधे मॉइश्चरायझर पुरेसे आहे.

डबीवरचे शब्द आणि घरचे लेप

'कोलॅजन क्रीम' हे नाव ऐकून पैसे देऊ नयेत. कोलॅजनचा रेणू त्वचेतून आत जाण्याच्या मानाने प्रचंड मोठा असतो. तो वरच बसतो आणि थोडा ओलावा धरून ठेवतो. ओलाव्याने रेषा काही तास भरल्यासारख्या दिसतात, तेवढे काम ग्लिसरीन किंवा पेट्रोलियम जेलीही करते. हिवाळ्यात आंघोळीनंतर ओलसर त्वचेवरच ती लावली तर अधिक उपयोग होतो. 'त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेले' या शब्दांवरून सुरकुत्या कमी होतात असा अर्थ निघत नाही.

लिंबाचा रस चेहऱ्याला लावून उन्हात जाणे धोक्याचे आहे. लिंबातील काही द्रव्ये उन्हाशी संयोग झाल्यावर त्वचा भाजतात, फोड येतात आणि काळे चट्टे महिनोन्‌महिने राहतात. वाळवलेल्या संत्र्याच्या सालीची भरड पूड घासल्याने, आणि वरूड-मोर्शीकडे ती घरोघरी असते, त्वचा ओरखडते. सुरकुतीपर्यंत ती पोहोचत नाही. घरातल्या पुरुषांनीही ऐकावे असे एक इथेच सांगते : बिडीने चेहऱ्यावर सुरकुत्या लवकर येतात हे सिद्ध झालेले आहे, आणि खऱ्र्याने, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाने, गालांच्या आतला भाग कडक होऊन तोंड उघडेनासे होते, ते दुखणे तर पुढे कर्करोगाकडे जाऊ शकते.

टिनाच्या घरात मे महिन्यात क्रीम कुठे ठेवता, हेही मी विचारते. 'क' जीवनसत्त्वाचे सीरम उष्णतेने व हवेने तपकिरी पडते आणि मग त्याचा उपयोग राहत नाही. सनस्क्रीन पाणी-पाणी झाली असेल तर तीही टाकून द्यावी. खिडकीच्या फळीऐवजी माठाजवळचा गार कोपरा बरा.

वांग वाढत असेल, चेहरा सतत जळत असेल किंवा बरी न होणारी खपली असेल, तर प्रयोग थांबवून सेवाग्रामच्या किंवा यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभागात जावे. जाताना आजवर वापरलेल्या सगळ्या ट्यूब आणि डब्या, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत घालून सोबत न्याव्यात. जाऊबाईंच्या वेळी डॉक्टरांनी सर्वांत आधी तीच पिशवी उघडली होती.