टास्क मॅनेजरमधला अनोळखी 'अपडेटर' कोणाचा?

कॉम्प्युटर अचानक संथ होतो, टास्क मॅनेजरमध्ये (चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणारी खिडकी) भलत्याच नावाची प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, दिसते आणि व्हायरसची शंका येते. बऱ्याचदा तो 'अपडेटर' असतो, म्हणजे एखाद्या प्रोग्रॅमचे अपडेट आणणारा छोटा प्रोग्रॅम. नावावर जाऊ नका, त्या प्रोसेसची फाइल कुठे आहे ते बघा.

१. विंडोजमध्ये कंट्रोल + शिफ्ट + एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. 'डिटेल्स' टॅबमध्ये त्या नावावर राइट-क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' निवडा.

२. उघडलेल्या फोल्डरमधल्या फाइलवर राइट-क्लिक, 'प्रॉपर्टीज', मग 'डिजिटल सिग्नेचर्स'. तिथे कंपनीचं नाव असतं. उदाहरणार्थ, 'जेयूशेड' (jusched) हा जावाचा, म्हणजे काही प्रोग्रॅम चालवायला लागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, अपडेटर. तो 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये 'कॉमन फाइल्स'खालच्या जावाच्या फोल्डरात सापडतो. 'टीआयवर्कर' (TiWorker) विंडोजचाच: अपडेट बसवताना प्रोसेसर खातो, काम झालं की आपोआप थांबतो. त्याला मध्येच मारू नका, अपडेट अर्धवट राहू शकतं.

३. नको असलेला अपडेटर 'एंड टास्क'ने कायमचा जात नाही. ठरलेली कामं आपोआप सुरू करणारे विंडोजचे 'टास्क शेड्युलर' किंवा 'सर्व्हिसेस' त्याला पुन्हा उठवतात. मूळ प्रोग्रॅम वापरात नसेल तर सरळ तोच अनइन्स्टॉल करा.

डिजिटल सही नाही आणि फाइल तात्पुरत्या फाइल्सच्या 'टेम्प' फोल्डरात, असं दिसलं तर आधी अँटिव्हायरसने तपासा. ब्राउझरचा अपडेटर मात्र कधीही बंद करू नका. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच्याकडूनच येतात.