जुने खडक ओळखताना नेहमी होणाऱ्या चुका, या टाळा

महाराष्ट्राचा बहुतेक भाग डेक्कन ट्रॅपने, म्हणजे जुन्या लाव्हाच्या थरांनी, झाकलेला आहे, त्यामुळे आपल्याकडच्या ट्रेकरची आणि जिऑलॉजीच्या नव्या विद्यार्थ्याची नजर बेसॉल्टवरच, म्हणजे थंड झालेल्या लाव्हाच्या काळ्या खडकावरच, तयार होते, आणि तीच नजर घेऊन माणूस सिंधुदुर्गात, गोव्यात, भंडारा-गडचिरोलीकडे किंवा खाली कर्नाटकात गेला की गडबड सुरू होते. आपला बेसॉल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांचा आणि तिकडचे कित्येक खडक २५० कोटी, ३०० कोटी वर्षांचे. एवढ्या काळात ते तापले, दाबले गेले, वाकले, पुन्हा वितळले, त्यामुळे बेसॉल्टवर चालणारे आडाखे तिथे चालत नाहीत.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे काळा दगड दिसला की बेसॉल्ट म्हणून मोकळं होणं. रंगावर जाऊच नका. दगडाची ताजी फुटलेली बाजू बघा, दहा पट मोठं दाखवणारं भिंग लावा आणि उन्हात फिरवून बघा. बेसॉल्टमध्ये कण डोळ्यांना दिसत नाहीत, कधी पोकळ्या आणि त्यात भरलेले झिओलाइट नावाचे पांढरे खनिज दिसतात. डोलेराइटमध्ये (तसाच लाव्हा जमिनीखाली थंड झाला की बनतो तो) बारीक पांढरट पट्ट्यांसारखे फेल्डस्पार या खनिजाचे स्फटिक काळ्या कणांत गुंतलेले दिसतात. अँफिबोलाइट फिरवला की हॉर्नब्लेंड या खनिजाच्या काळ्या सुया चमकतात आणि बहुतेक वेळा सगळ्या एकाच दिशेला झोपलेल्या असतात, म्हणजे हा खडक नंतर दाबला गेलाय, नुसता थंड झालेला लाव्हा नाही. आणि स्वयंपाकघरात आपण ज्याला कडप्पा म्हणतो तो काळा दगड तर चुनखडक आहे, आंध्रातल्या कडप्पाच्या खोऱ्यातला, म्हणून तर त्यावर लिंबू सांडलं की डाग पडतो. शहाबादी फरशी आणि कोटा पण चुनखडकच, पहिली भीमा खोऱ्यातली, दुसरा विंध्य समूहातला, आणि हे तिन्ही दगड सह्याद्रीच्या लाव्हापेक्षा कितीतरी पट जुने. मला ही गोष्ट फार आवडते, सह्याद्रीच्या कातळापेक्षा जुना दगड शोधायला कुठे लांब जायलाच नको, पायाखाली असतो.

ॲसिड टेस्टमध्ये पण लोक फसतात. पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकला, फसफसलं, म्हणजे चुनखडक, असं लगेच लिहू नका, कारण बेसॉल्टच्या पोकळ्यांत आणि भेगांत कॅल्साइट, म्हणजे चुनखडकातलंच खनिज, बसलेलं असतं आणि ते पण जोरात फसफसतं. थेंब भेग सोडून ताज्या, अखंड भागावर टाका. उलट डोलोमाइट, म्हणजे मॅग्नेशियम असलेला चुनखडकासारखा दगड, अख्खा असताना जवळपास गप्प बसतो, चाकूने थोडी पूड केली की मग बुडबुडे येतात.

दुसरी मोठी गल्लत वरच्या सालीची. चार्नोकाइट या खडकाचं उदाहरण घ्या. आतून काळपट हिरवा, तेलकट चकाकीचा, त्यातलं क्वार्ट्झ निळसर करडं, पण उघड्यावर पडलेला दगड बाहेरून तपकिरी-भुरकट होतो आणि साध्या ग्रॅनाइटसारखा दिसतो. या खडकाला नाव दिलं भूवैज्ञानिक थॉमस हॉलंड यांनी, १८९३ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीच्या जॉब चार्नॉकच्या कोलकात्यातल्या थडग्यावरचा दगड बघून, आणि तो दगड मुळात चेन्नईकडचा. तिथल्या सेंट थॉमस माउंट टेकडीला हाच खडक आहे. हा खूप खोल, खूप गरम आणि जवळपास कोरड्या परिस्थितीत तयार होतो, म्हणून त्यात हायपरस्थीन हे खनिज मिळतं, आणि सालीवर विसंबलात तर नेमकं हेच हातातून सुटतं.

तिसरी, कडक आणि ठिपकेदार म्हणजे ग्रॅनाइट. बंगळुरूच्या लालबागेतला तो मोठा उघडा कातळ, ज्यावर केंपेगौडांचा बुरूज आहे, त्याला येणारा-जाणारा सर्रास ग्रॅनाइट म्हणतो. तो ग्नाइस आहे, म्हणजे खोलवर दाबून-तापून पट्टे पडलेला खडक, साधारण ३०० कोटी वर्षांचा, पेनिन्सुलर ग्नाइस म्हणतात तो. जवळ बसून बघितलं तर फिकट आणि गडद पट्टे दिसतात, काही ठिकाणी घड्या पडलेले, आणि त्यांना कापत गेलेल्या फिकट शिरा. आता तिथून रामनगरला जा, तिथे क्लोजपेट ग्रॅनाइट आहे, २५० कोटींच्या आसपासचा, त्यात गुलाबी फेल्डस्पारचे मोठाले स्फटिक लांबूनही दिसतात आणि ग्नाइससारखे पट्टे बहुतेक ठिकाणी नाहीत. हे दोन्ही एका दिवसात बघितले तर फरक कायमचा डोक्यात बसतो, फोटो बघून नाही बसत. दुकानातल्या नावांवर पण जाऊ नका, ओट्याचा ब्लॅक ग्रॅनाइट बहुतेक वेळा डोलेराइट किंवा गॅब्रो (डोलेराइटचाच जाड कणांचा भाऊ) असतो.

पट्टे दिसले की गाळाचे थर समजायचे, ही त्याच्या उलटी चूक. पट्टा दाबामुळे पण तयार होतो. खरा थर असेल तर पुरावा शोधा, बदामीच्या वालुकाश्मासारखे तिरके थर, लाटांच्या खुणा, तळाशी गोटे. आणि लोहखडकाच्या पट्ट्यात, म्हणजे सिंधुदुर्गातलं रेडी, गोवा, कर्नाटकातलं संडूर अशा भागात, एक वेगळाच त्रास होतो. होकायंत्र चुकीची दिशा दाखवतं, फोनमधलं पण, आणि मग थरांची सगळी मापं बिघडतात. तिथे सूर्यावरून किंवा लांबच्या दोन खुणा नकाशावर धरून दिशा ताडून घ्या. मॅग्नेटाइट की हेमाटाइट हा प्रश्न असेल तर बाथरूमच्या टाइलच्या खरखरीत मागच्या बाजूवर दगड घासा, काळी रेघ आली तर मॅग्नेटाइट, तांबूस तपकिरी आली तर हेमाटाइट.

आता जीवाश्म. यात मोठे मोठे संशोधक पण अडकलेत, त्यामुळे जपून. भोपाळजवळच्या भीमबेटकाच्या गुहेत २०२० मध्ये एक आकार दिसला, आणि २०२१ मध्ये ग्रेगरी रिटॅलॅक आणि सहकाऱ्यांनी तो डिकिन्सोनिया नावाच्या प्राचीन जीवाचा ठसा म्हणून प्रसिद्ध केला. तो खरा असता तर तिथला विंध्य वालुकाश्म फक्त ५५ कोटींच्या आसपासचा ठरला असता, जेव्हा की इतर पुरावे १०० कोटींकडे बोट दाखवत होते. मग जोसेफ मीर्ट आणि सहकारी तिथे जाऊन आले आणि २०२३ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की तो आकार खडकाचा भागच नाही, वर चिकटलेलं आहे, सुटून पडतंय, आणि जवळपास आग्या मोहोळाची पोळी आहेत. जुन्या मोहोळाचा अवशेष होता तो. पहिल्या टीमने पण ते मान्य केलं. म्हणून फर्नसारखी काळी नक्षी दिसली (ती बहुतेक वेळा मँगेनीजची असते) किंवा गोल आकार दिसला की आधी एवढंच तपासा, तो थराच्या आत जातो की नुसता वर बसलाय.

वयाच्या बातम्या वाचताना पण हीच काळजी घ्या. ओडिशात चंपुआजवळच्या ग्नाइसमध्ये झिरकॉन या खनिजाचा ४२४ कोटी वर्षं जुना कण मिळाला, २०१८ चं काम आहे, आणि लगेच भारतात ४२४ कोटींचा खडक अशी वाक्यं फिरायला लागली. खडक तेवढा जुना नाहीये. तो ३४० कोटींच्या आसपासचा, आणि त्याच्या आधीच्या कुठल्यातरी भूकवचातला कण वितळता वितळता वाचून त्यात आला. कणाचं वय, खडक घट्ट झाल्याचं वय आणि तो नंतर रूपांतरित झाल्याचं वय, हे तीन आकडे वेगवेगळे असू शकतात, आकडा वाचला की तो यातला कुठला ते आधी शोधा. प्रत्यक्ष खडकासमोर उभं असताना आकडा नसतो, पण क्रम कळतो: ग्नाइसच्या पट्ट्यांना कापून डोलेराइटची भिंतीसारखी शीर (डाइक) गेली असेल तर ही भिंत नंतरची, आणि तिचे काठ बारीक कणांचे नि मध्य जाड कणांचा असेल तर ती नक्की आत घुसलेली आहे.

हातोडा लालबागेत किंवा सेंट थॉमस माउंटला काढायचा नाही, ती राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकं आहेत. बाहेर रस्त्याच्या कडेला खणलेल्या जागी ताजे तुकडे भरपूर मिळतात, तुकडा उचलला की तिथेच नंबर, जागा आणि शेजारी कुठला खडक होता ते लिहा, घरी आल्यावर आठवत नाही. आणि एवढं करूनही चार्नोकाइट की काळपट ग्नाइस हे ठरत नसेल तर जवळच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागात विचारा, ते ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, आणि काप फिरवताना हायपरस्थीन फिकट गुलाबीचं फिकट हिरवं होताना दिसलं की वाद संपतो.