एका बाजूचा हेडलाइट गेला? नवा बल्ब घेण्याआधी हे बघा
रात्री सोलापुरातून तुळजापूर किंवा अक्कलकोट रस्त्याला लागण्याआधी गाडी भिंतीसमोर उभी करून लाइट तपासाच. एका दिव्याची गाडी समोरच्याला दुचाकी वाटते.

दोन्ही हेडलाइट एकदम गेले तर आधी फ्यूज, रिले (लाइटचा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच) आणि डॅशवरचा स्विच बघा. एकच गेला तर डावा-उजवा बल्ब आपसात बदला. बिघाड बल्बाबरोबर सरकला तर बल्ब गेला. जागेवरच राहिला तर फ्यूज, होल्डर किंवा अर्थिंग. होल्डरचं प्लास्टिक वितळलेलं किंवा पिन काळी-हिरवी दिसली, तर नवा बल्बही टिकणार नाही. 60/55 वॉटच्या (हाय बीम/लो बीम) एच4 प्रकारच्या बल्बऐवजी 100/90 चा बसवला की होल्डर असाच जळतो. तो मोह खरंच टाळा.

बदलताना लाइट बंद आणि बल्ब गार हवा. कनेक्टर ओढा, रबरी टोपी काढा, तारेची क्लिप दाबून सोडवा, नव्या बल्बचे तीन कान खाचेत बसवा. काचेला बोट लावू नका. तेलकट डागाच्या जागी काच जास्त तापते. लागलंच तर स्पिरिटने पुसा. टोपी नीट बसली नाही तर आत धूळ आणि पाणी जातं.

इंडिकेटर भराभर लुकलुकतोय? बहुधा त्याच बाजूचा एक बल्ब गेलाय.