विद्यापीठाच्या रिपॉझिटरीत नुसती पीएचडी नसते, शोधायचं कसं ते बघा

रिपॉझिटरी म्हटलं की आपल्याकडे शोधगंगा, आणि शोधगंगा म्हटलं की पीएचडीचे प्रबंध, बस. तेही बरेच जण लिटरेचर रिव्ह्यू उचलायला उघडतात. उचलू नका भो, आता सगळीकडे सॉफ्टवेअरला लावून बघतात. पण रिपॉझिटरी म्हणजे विद्यापीठाने आपल्या घरात तयार झालेलं जे जे जपून ठेवायचं ठरवलं ते सगळं, म्हणजे प्रबंध, प्राध्यापकांचे पेपर, जुने वार्षिक अहवाल, न्यूजलेटर, दीक्षान्त भाषणं, कुठे कुठे तर जुन्या प्रश्नपत्रिका आणि पेपरातली कात्रणंसुद्धा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या ई-कॉमन्स रिपॉझिटरीत त्यांच्या कॅम्पसच्या ‘कॉर्नेल क्रॉनिकल’ पेपरचे १९६९ पासूनचे अंक आहेत, आणि त्याच जागी शेतीवरचे प्रबंधही. आपल्याकडे असं एका ठिकाणी मिळत नाही, चार दारं ठोठावावी लागतात, म्हणून आधी कोणत्या दारामागे काय आहे ते समजून घ्या.

पहिलं दार शोधगंगा. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट, म्हणजे विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणारं केंद्र, ते चालवतं, आणि यूजीसीने २००९ मध्ये नियम काढल्यापासून विद्यापीठांनी प्रबंधाची ई-कॉपी द्यायची असते. इथे सर्च बॉक्समध्ये ‘खानदेश’ टाकून एंटर मारलं की जे काय येतं ते बघून माणूस कंटाळतो, म्हणून तसं करू नका, आधी विद्यापीठ निवडा, मग विभाग, मग यादी वर्षाप्रमाणे लावा आणि निवांत स्क्रोल करा. आपल्या जळगावच्या विद्यापीठात मराठी विभागाने अहिराणीवर काय काम केलंय, भूगोलवाल्यांनी तापीच्या खोऱ्यावर काय केलंय, हे यादी चाळताना जेवढं कळतं तेवढं सर्चने कळत नाही. मार्गदर्शकाच्या नावावर क्लिक केलं की त्यांच्या हाताखालचे बाकीचे प्रबंधही समोर येतात, आणि विषय बहुतेक वेळा तिथेच गोळा झालेला असतो.

प्रबंध उघडला की एक मोठी फाइल नसते, चॅप्टरप्रमाणे तुकडे असतात, ०१ म्हणजे टायटल, मग सर्टिफिकेट, डिक्लरेशन वगैरे. बऱ्याच प्रबंधांत ८० नंबरची रेकमेंडेशनची फाइल असते, त्यात मुखपृष्ठ आणि शेवटचं निष्कर्षाचं प्रकरण एकत्र असतं. ती आधी वाचा. पाच मिनिटांत कळतं हा प्रबंध आपल्या कामाचा आहे की नाही, नाहीतर लोक पहिल्या प्रकरणातली जिल्ह्याची भौगोलिक माहिती वाचत बसतात जी सगळ्यांनी एकमेकांकडून घेतलेली असते.

आता खरी मेख. खानदेशावरचं काही शोधायचं तर नाव कोणत्या काळातलं टाकायचं हे माहीत पाहिजे. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले, म्हणून त्यानंतर १९६० पर्यंतचं बरंच काही ‘ईस्ट खानदेश’ आणि ‘वेस्ट खानदेश’ या नावाने पडलंय, जळगाव टाकून ते येणारच नाही. १९६० नंतर जळगाव आणि धुळे, पण इंग्रजीत जुनं स्पेलिंग धुलिया असं, तेही टाकून बघायचं. नंदुरबार वेगळा जिल्हा झाला १९९८ मध्ये, म्हणजे अक्कलकुवा, धडगाव, नवापूरवरचं त्याआधीचं काम धुळे जिल्ह्याच्या खात्यात, सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा समाजावरचं तर हमखास. विद्यापीठाचंही तसंच. उमवि म्हणजे जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झालं १९९० मध्ये, त्याआधी आपली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली, मग अमळनेरच्या नाहीतर धुळ्याच्या प्राध्यापकाची १९८५ ची पीएचडी जळगावच्या यादीत कशी सापडेल? ती पुण्यात बघा. उमविचं नाव २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, पुण्याच्या नावात सावित्रीबाई फुले आलं २०१४ मध्ये, त्यामुळे गूगलवर शोधताना जुनं नाव आणि नवं नाव दोन्ही टाकायचं, आळस करायचा नाही.

मराठी प्रबंधांची अजून एक भानगड आहे. जुनी टायपिंग श्रीलिपी, कृतीदेव असल्या फॉन्टमधली, युनिकोड नाही, नाहीतर सरळ स्कॅन केलेली पानं. म्हणजे आत मजकूर मराठीत दिसतो पण सर्चला तो कचऱ्यासारखा दिसतो, ‘लोकगीत’ शोधलं तर आतलं एकही लोकगीत हाती लागत नाही. अशा वेळी आतल्या मजकुराचा नाद सोडा आणि शीर्षक पकडा, शीर्षक कधी देवनागरीत असतं कधी इंग्रजी अक्षरांत, आणि अहिराणीचं स्पेलिंग जो तो आपल्या मनाने करतो, एच घालून, न घालून, शेवटी आय किंवा डबल ई. सगळे प्रकार टाकून बघा.

दुसरं दार शेतकऱ्यांसाठी आणि अ‍ॅग्रीच्या पोरांसाठी, कृषिकोष. देशभरच्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध आणि अहवाल इथे असतात. आपले तिन्ही जिल्हे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात, धुळ्याचं कृषी महाविद्यालय त्यांचंच, जळगावचं केळी संशोधन केंद्रही त्यांचंच, तेव्हा राहुरीपासून सुरुवात करा. केळीवरच्या ज्या रोगाला रावेर-यावलकडे आपण हरण्या म्हणतो तो तिथे कुकुंबर मोझॅक व्हायरस, केळीचा करपा म्हणजे सिगाटोका, कपाशीची गुलाबी बोंडअळी म्हणजे पिंक बोलवर्म. आपली नावं टाकली तर शून्य रिझल्ट येणार, मग लोक म्हणतात इथे काहीच नाही. एक सांगतो, एमएस्सीचा प्रबंध म्हणजे बऱ्याचदा एकदोन हंगामांचा प्रयोग असतो, त्यातला फवारणीचा डोस उचलून उद्या बागेत मारू नका, आधी कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

तिसरं दार, जुन्या सरकारी रिपोर्टांसाठी पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटची डिजिटल लायब्ररी बघा. शेती, कर्ज, सहकार, जुने कमिशन यांचा खजिना आहे तिथे, फक्त साइटने वेळ लावला तर धीर धरा.

चौथं दार कॅम्पसच्या बातम्यांचं, हा जरा वेगळा प्रकार. युवारंग या युवक महोत्सवात कोण जिंकलं, आविष्कार या संशोधन स्पर्धेत कोणते प्रकल्प पुढे गेले, अधिसभेत काय गोंधळ झाला, हे वेबसाइटवर चार दिवस फिरतं आणि मग गायब. टिकून काय राहतं तर वार्षिक अहवाल आणि नॅक या कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेसाठी भरलेले एक्यूएआर (AQAR) म्हणजे वर्षाचे गुणवत्ता अहवाल, जे कॉलेजला आपल्या साइटवर टाकावे लागतात. कंटाळवाणे असतात, मान्य, पण कोणत्या विभागाला प्रोजेक्ट मिळाला, किती सेमिनार झाले, किती पेटंट, सगळं त्यात. गूगलमध्ये इंग्रजीत site लिहून कोलन, त्याला चिकटून कॉलेजच्या वेबसाइटचा पत्ता, मग एक जागा सोडून AQAR, एवढं टाकलं की मेनूत हरवलेल्या पीडीएफही वर येतात. पानच उडालं असेल तर जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीन या साइटवर जुना पत्ता टाकून बघा, काही वेळा मिळतं काही वेळा नाही.

अजून एक सांगायचं राहिलं. बऱ्याच रिपॉझिटऱ्या डीस्पेस नावाच्या फुकट सॉफ्टवेअरवर चालतात, एमआयटी आणि एचपीने ते २००२ मध्ये आणलं, त्यामुळे एक शिकलात की बाकीच्या सारख्याच दिसतात, वर कम्युनिटी, आत कलेक्शन, त्यात आयटम. होमपेजवर ‘रिसेंट सबमिशन’ लिहिलेलं असतं त्याने फसू नका, ते अपलोड कधी झालं ते सांगतं, लिहिलं कधी ते नाही, १९७८ चा रिपोर्ट काल चढवला तरी तो तिथे पहिला दिसणार. पूर्ण रेकॉर्ड उघडलं की दोन तारखा वेगळ्या दिसतात, तुम्हाला इश्यू डेट, म्हणजे मूळ प्रकाशनाची तारीख पाहिजे.

फाइलला कुलूप दिसलं तर ती बऱ्याचदा एम्बार्गोवर असते, म्हणजे ठरलेली मुदत संपल्यावर खुलते. कुठे कुठे कॉपी मागायचं बटण असतं, दोन ओळी लिहून मागा, लेखक बऱ्याचदा पाठवतात. लिंक सेव्ह करताना ब्राउझरच्या पट्टीतली न घेता पानावर दिलेलं हँडल, म्हणजे कायमचा पत्ता घ्या, शोधगंगाचं १०६०३ ने सुरू होतं, साइट बदलली तरी ते चालावं म्हणूनच दिलेलं असतं. आणि ऑनलाइन काहीच नाही मिळालं तर नाव, वर्ष, विभाग चिठ्ठीवर लिहून विद्यापीठाच्या ग्रंथालयात जा आणि प्रबंध कुठे ठेवलेत ते विचारा, जुने प्रबंध अजून कपाटात असतात आणि तिथेच बसून वाचायला लागतात, झेरॉक्स मिळेल का ते आधीच विचारून घ्या.